सांभाराचा मेसेज

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे माझ्याकडे समुपदेशनासाठी शिक्षकांची वर्दळ सुरू होते ती जुलैच्या मध्यावर. अलीकडे त्यात एक प्रश्न हमखास असतो : "मॅडम, वर्गात ते सगळं ऑनलाइन वापरायला सांगतात. या वयात मला जमणार आहे का? अन् पोरांसमोर फजिती झाली तर?" उत्तरादाखल एका सरांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सर 53 वर्षांचे. नागपूरच्या महाल भागातल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवतात. भेटीची वेळ मुलीने पुण्याहून घेतली होती. सर आले, पाणी प्यायले आणि पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. सगळा भरलेला, फक्त सही राहिली होती.

"पोरगी म्हणाली, सही करायच्या आधी एकदा तुम्हाला भेटा."

झालं होतं असं. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला मोठं टच पॅनल भेट दिलं. सरांनी दहावी ‘ब’मध्ये फोन त्याला जोडला, भिंगाचा व्हिडिओ लावला आणि तेवढ्यात पॅनलच्या माथ्यावर हातभर अक्षरांत मेसेज झळकला : ‘बीपीची गोळी घेतली का? येताना सांभार आन चार लिंबं आणा.’ (पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी : सांभार म्हणजे कोथिंबीर.) 56 पोरं खदाखदा हसली. सरांना मेसेज काही घालवता येईना. शेवटी त्यांनी भिंतीवरचं बटणच बंद केलं. दुसऱ्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात कोणीतरी कोथिंबिरीची जुडी काढून ठेवली होती.

"28 वर्षांत मला टोपणनाव नव्हतं मॅडम. आता आहे."

त्यानंतर महिनाभर सरांनी पॅनलला हात लावला नाही. कधी ‘लाइन नाही’, कधी ‘नेट स्लो आहे’. नाहीच टळलं तर शेजारच्या वर्गातला तरुण शिक्षक येऊन सगळं लावून द्यायचा आणि सर बाजूला उभे राहायचे. पहाटे साडेतीनला जाग यायची. रक्तदाब वाढला होता, म्हणून आधी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. झोप आणि बीपी दोन्ही बिघडलेले असताना नुसत्या गप्पांवर विसंबू नये, हे मी सगळ्यांनाच सांगते.

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, "घरी फोनवर काय काय करता?" सर म्हणाले, "काही नाही, आपलं साधंच." साधंच म्हणजे रेल्वेची तिकिटं काढणं, भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देणं आणि आईच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला फोनवरून भरणं. ते शेवटचं मला अजून धड जमत नाही! म्हणजे मशीनशी सरांचं वाकडं नव्हतं. वाकडं होतं ते 56 जोडी डोळ्यांशी. मी विचारलं, वर्गात याआधी असं कधी वाटलं होतं? बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बी.एड.च्या पाठाला. मागच्या बाकावर निरीक्षक बसायचे ना, माझ्या हातातला खडू घामाने ओला व्हायचा." ती भीती कशी गेली? "गेली कुठे, पाठ घेत गेलो, मग आठवण राहिली नाही."

उपचार त्यांनी स्वतःच सांगितला होता. मी फक्त तो कागदावर उतरवला.

भीतीचं एक गणित असतं. आपण टाळलं की त्या क्षणी हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच पुढच्या वेळची भीती वाढवतं. तो मदतीला येणारा तरुण शिक्षक मनाचा चांगला होता. पण तो होता म्हणून सरांना कधी कळलंच नाही की तो नसता तर काय झालं असतं. त्यातून स्टाफरूममध्ये कोणीतरी उठता-बसता डिसले गुरुजींचं नाव घ्यायचं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले, पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, 2020 साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. सगळं खरं आहे आणि अभिमानाचंही आहे. पण घाबरलेल्या माणसाला शिखरावरचा माणूस दाखवला की त्याला पहिली पायरीसुद्धा दिसेनाशी होते. मुख्याध्यापकांनो, हे कृपया करू नका.

आम्ही पायऱ्या अगदी छोट्या ठेवल्या. पहिली : घरी बसून बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या ‘दीक्षा’ ॲपवर स्कॅन करायचा. ते ॲप 2017 सालापासून आहे, कोड रोज त्यांच्या हाताखालून जात होता, पण कधी उघडला नव्हता. दुसरी : फेटचं भिंगाचं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून पाहायचा प्रयोग, लॅपटॉपवर आधीच उतरवून ठेवायचं. कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प फुकट आहे आणि त्यातली बरीच सिम्युलेशन्स एकदा उतरवली की नेटशिवाय चालतात. लॅपटॉप जोडायचा, फोन जोडायचाच नाही, म्हणजे सांभाराचा प्रश्न मुळातच मिटला. तिसरी : शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात, समोर फक्त शिपाई काका. चौथी : दहावी ‘ब’, सात मिनिटं, तरुण शिक्षकाशिवाय.

चौथ्या पायरीआधी मी त्यांच्याकडून लिहून घेतलं, काय काय होईल असं वाटतं आणि शंभरात किती खात्री आहे. पॅनल सुरू होणार नाही, 60. पोरं ‘सांभार’ ओरडतील, 90. वर्ग आवरणार नाही, 80.

पुढच्या आठवड्यात ते आले तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. पॅनल सुरू झालं होतं. मागून एकजण ‘सांभार’ म्हणालाही होता, दोघे हसले होते. मग पॅनल अडकलं. बोट एकीकडे लावलं की टिंब भलतीकडे उमटायचं.

"मग?"

"मग काय, खिशात भिंग होतं."

ते त्यांनी खिडकीकडे धरलं, मागे वही धरली आणि मैदानातला कडुनिंब वहीवर उलटा उतरवला. मग विचारलं, अर्ध्या भिंगावर बोट ठेवलं तर किती झाड दिसेल? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, अर्धं. सरांनी बोट ठेवलं. झाड पूर्णच होतं, नुसतं मंद झालं होतं. पोरं बाकांवरून उठून वहीभोवती गोळा झाली. तोवर एका मुलीने पॅनल बंद करून पुन्हा चालू केलं होतं. सरांनी पॅनलवरची वस्तू बोटाने भिंगाच्या नाभीकडे (फोकसकडे) सरकवत नेली तशी प्रतिमा लांब पळत गेली, मोठी होत गेली, आणि वस्तू नाभीच्या आत शिरताच प्रतिमा उडी मारून अलीकडे आली, सुलटी. "फळ्यावर याच्या सहा आकृत्या काढाव्या लागतात मॅडम, दोन तास जातात. अन् तरी पोट्टे पाठच करतात." हे सांगताना ते माझ्या टेबलावर पेपरवेट सरकवत होते, भिंग म्हणून माझा चष्मा.

आम्ही कागद काढला. तिन्ही आकडे पुन्हा घातले : 40, 30, 10. शून्य कोणताच नाही, आणि मी तसा आग्रहही धरला नाही. पॅनल पुन्हा अडकणारच. 2020च्या लॉकडाऊनमध्ये मी स्वतः एका ऑनलाइन शिबिरात वीस मिनिटं म्यूटवर बोलले आहे, विषय होता ‘प्रभावी संवाद’.

दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटची भेट झाली. बीपी आटोक्यात होतं, झोप बरी होती. सूत्रांच्या सिद्धता ते अजून खडूनेच करतात आणि मला त्यात काही चूक दिसत नाही. सुट्टीत मुलांसाठी गूगल फॉर्मवर दहा प्रश्न टाकायचे म्हणत होते, ते कसं करतात हे पॅनल चालू करून देणाऱ्या त्या मुलीलाच विचारणार होते. उठताना मी त्या अर्जाचं काय केलं विचारलं.

"ड्रॉवरमध्ये आहे. फाडला नाही अजून."

मीही फाडा म्हटलं नाही.