ड्रायसूट: ट्रायलॅमिनेट घ्यावा की निओप्रीन?

ड्रायसूट म्हणजे अंग कोरडं ठेवणारा डायव्हिंगचा सूट. 10 अंशांखालच्या पाण्यात नियमित उतरणार असाल तर ट्रायलॅमिनेट (तीन थरांचं कापड) घ्या. दोन कापडी थरांमधलं ब्यूटाइल रबर पाणी अडवतं, पण ऊब देत नाही. ती मिळते आतल्या कपड्यांतून. त्यामुळे तापमानाप्रमाणे थर कमी-जास्त करता येतात. सूट लवकर वाळतो, भोक पडलं तर ठिगळही सहज बसतं.

7 मिमी निओप्रीन (बुडबुड्यांचं फोम रबर) स्वतःच उबदार आणि अंगाला नीट बसणारा. पण 30 मीटरवर एकूण दाब चौपट होतो, फोममधले बुडबुडे चेपतात आणि ऊब व तरंगशक्ती दोन्ही घटतात. त्यात वजनाचा पट्टाही जड लागतो. कॉम्प्रेस्ड, म्हणजे आधीच दाबून घेतलेल्या निओप्रीनमध्ये हा त्रास बराच कमी, शिवाय ते चिवट. फक्त वाळता वाळत नाही. निओप्रीनची एक जमेची बाजू: पाणी शिरलं तरी थोडी ऊब टिकते.

खरी कटकट सीलची, म्हणजे मान आणि मनगटाशी पाणी अडवणाऱ्या घट्ट पट्ट्यांची. मूठ आवळली की मनगटाच्या स्नायुबंधांलगत खोबण पडते आणि तिथूनच पाणी झिरपतं, मग सूट कितीही महागडा असो. लॅटेक्स सील फाटतात. सूटला जोडलेल्या रिंगवरचे सिलिकॉन सील जागच्या जागी बदलता येतात.

मापासाठी सर्वात जाड आतले कपडे घालून उकिडवे बसा, हात मानेमागे पाठीवरच्या हवेच्या टाकीच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतो का तपासा.