कोपनहेगनची ऊब कुठून येते?

प्रश्न : डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन पर्यावरणस्नेही मानली जाते, ती केवळ सायकलींमुळे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सायकली डोळ्यांत भरतात म्हणून त्यांचेच कौतुक अधिक होते; खरे काम मात्र रस्त्याखाली चालते. १९७३ च्या तेलसंकटाची झळ सोसल्यावर डेन्मार्कने १९७९ मध्ये उष्णतापुरवठ्याचा कायदा केला, आणि वीजकेंद्रांत व कचरा जाळणाऱ्या प्रकल्पांत एरवी वाया जाणारी उष्णता गरम पाण्याच्या रूपाने नळांवाटे घरोघरी पोहोचवणारी व्यवस्था विस्तारत गेली. आज शहरातील जवळजवळ सर्व घरे याच पाण्याने उबदार राहतात. अमागर बाके या कचरा-ऊर्जा प्रकल्पाच्या छपरावर २०१९ पासून लोक स्कीइंगही करतात, पण तो हौसेचा भाग झाला.

तरीही भाबडे कौतुक नको. २०२५ पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याचे, म्हणजे हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडइतकाच परत काढून घेण्याचे उद्दिष्ट शहराला २०२२ मध्ये सोडून द्यावे लागले, कारण याच प्रकल्पाच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढण्याच्या योजनेसाठी सरकारी निधी मिळू शकला नाही. आणि कचऱ्यात खनिज तेलापासून बनलेले प्लास्टिक आहे तोवर तो जाळल्याच्या धुरात तेलाचाही कार्बन असणार.