सगळीच बदकं तपकिरी दिसली? नांदूरमध्यमेश्वरला पुन्हा जाण्याआधी

तुम्ही लिहिलंय की नोव्हेंबरच्या मध्यावर नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलात, साडेदहाच्या सुमारास चापडगावच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर चढलात, तीन तास काढलेत आणि वहीत नोंद झाली ती 'बगळे, पाणकावळे आणि लांबवर तपकिरी बदकं'. मुलगा कंटाळला तो वेगळाच. आता मोठ्या लेन्सचा कॅमेरा घ्यावा की हा नादच सोडावा, असं विचारताय.

कॅमेरा घेऊ नका, निदान या हिवाळ्यात तरी. आणि बदकं तुम्हाला तपकिरी दिसली कारण त्यातली बरीचशी खरोखरच तपकिरी होती. विणीनंतर नर बदकांचा भरजरी पिसारा उतरतो आणि ते काही महिने मादीसारखेच मळकट दिसतात. याच काळात उडायची पिसंही एकदम झडतात, तेव्हा न उडता येणाऱ्या नराने डोळ्यांत न भरणं शहाणपणाचंच. आपल्याकडे येतात तेव्हा अनेक नर अजून त्याच जुन्या कपड्यांत असतात. तलवार बदक त्यातल्या त्यात लवकर सजतं. थापट्या आणि भुवई बदक रेंगाळतात. पुस्तकातल्या चित्रात मात्र नर कायम नवरदेवासारखा नटलेला. म्हणून नवख्याने जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत जावं.

दुसरं वेळेचं. साडेदहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते. मग हातात दुर्बीण असो की दोन फुटी लेन्स, पक्षी उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो. जानेवारीत तिकडे सूर्य सात-सव्वासातला उगवतो. त्या वेळी तुम्ही जागेवर बसलेले हवेत. बसायचं अशा काठाला की पाणी तुमच्या पश्चिमेला येईल, म्हणजे ऊन पाठीवर. मनोऱ्यावरून समोरच सूर्य येत असेल तर मनोरा सोडा. उंचीपेक्षा उजेड मोलाचा.

आता मुख्य गोष्ट. रंग बघणं काही दिवस बंद करा. पक्षी किती खोल पाण्यात आहे आणि तिथे काय करतोय ते बघा. दलदल ही पंगतीसारखी असते, प्रत्येकाचं पान ठरलेलं. अगदी काठाच्या ओल्या चिखलात चिखल्या: आखूड चोच, मोठे डोळे, चार पावलं धावणार, थबकणार, टिपणार. नजरेवर शिकार. त्याच्या शेजारी शेपटी सतत खालीवर करत फिरणारी ती तुतवार. घोटाभर पाण्यात लालसर काड्यांवर उभा शेकाट्या. त्याहून थोडं खोल पाणटिवळा, लांबलचक सरळ चोच डोळ्यांपर्यंत चिखलात खुपसणारा. त्याला किडा दिसावा लागत नाही, चोचीच्या टोकालाच लागतो. चमचा नावाचा पक्षी मान डावी-उजवी हलवत पाणी झाडल्यासारखा चालतो. उघडचोच करकोचा गोगलगायी काढत बसतो. एवढं ओळखायला एकही रंग लागला नाही, बघा.

बदकांचंही तसंच. शेपूट आभाळाकडे आणि डोकं पाण्यात करणारी एक जात, पूर्ण बुडी मारणारी दुसरी. पहिल्यांत तलवार बदकाची मान लांब, म्हणून ते इतरांपेक्षा खोलवरचं खातं. थापट्याची चोच फावड्यासारखी, मादीचीही, आणि तिच्या कडेला बारीक कंगवा असतो. चोच पाण्याला टेकवून पोहायचं आणि पाणी गाळत राहायचं. कधी आठ-दहा थापटे एकमेकांमागे गोल गोल फिरताना दिसतील, पाणी ढवळून निघालेलं पुढच्याने मागच्याला वाढायचं असा प्रकार. बुडी मारणाऱ्या लालसरीचे पाय बरेच मागे असतात, त्यामुळे तिला उडताना पाण्यावरून धावत जावं लागतं. चक्रांग बदक मात्र जागेवरून उभं उसळतं.

सुरुवात हळदीकुंकू बदकापासून करा. ते बाराही महिने इथलंच, नर-मादी सारखे, पिसारा बदलायची भानगड नाही. चोचीच्या टोकाला हळद, बुडाशी दोन बाजूंना कुंकू. ज्याने हे नाव ठेवलं त्याला माझा नमस्कार. हे एक पक्कं झालं की बाकीच्यांना त्याच्याशी मापता येतं: याच्याहून लहान, याच्याहून लांब मानेचं, वगैरे.

आणि तुमच्या 'लांबवरच्या बदकांत' निम्मे वारकरी नावाचे पक्षी असावेत असा माझा दाट संशय आहे. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, पोहताना डोकं पुढेमागे हलवत चाललेले. हे बदक नव्हेच, पाणकोंबडीच्या कुळातलं. बोटांना पानासारख्या पाळ्या असतात, बदकासारखा सलग पडदा नाही. पहिला अख्खा हिवाळा मी त्यांना बदकं म्हणून मोजत होतो आणि आकडा फुगतोय म्हणून खूशही होतो. मग एकाने शांतपणे विचारलं, 'चोच बघितली का?' चोच कोंबडीची होती.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ही दलदल आपोआप झालेली नाही. गोदावरी-कादवाच्या संगमाजवळ शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बंधारा झाला, त्याच्या मागे गाळ साठत गेला आणि त्या गाळाची बेटं, पाणवनस्पती, उथळ पाणी यांतून पक्ष्यांचं घर तयार झालं. 1986 मध्ये अभयारण्य आणि 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पण बंधारा अजून कामावर आहे, त्यातून गोदावरीचे डावे-उजवे कालवे निघतात. वरच्या धरणांतून शेतीचं आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं की पाणी चढतं आणि कालचा चिखल आज दोन फूट पाण्याखाली. मग तुतवारी, चिखल्या सगळे गायब आणि आपण म्हणतो, 'यंदा पक्षीच नाहीत.' निघण्याआधी ओळखीच्या शेतकऱ्याला फोन करून आवर्तन चालू आहे का एवढं विचारावं. चालू असेल तर बदकांचा दिवस, बंद असेल तर चिखलवाल्यांचा.

पाण्यालाच डोळे लावून बसू नका, आजूबाजूची शेतंही बघा. क्रौंच दिवसा तिकडे चरतात आणि रात्री उथळ पाण्यात उभे राहतात. आणि गवतावरून पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून संथ झुलत येणारा भोवत्या हा शिकारी पक्षी दिसला की दुर्बीण तयार ठेवा. तो आला की पाण्यावरचे सगळे पक्षी एकदम उठतात. बसलेल्या बदकात जे झाकलेलं असतं ते पंखांवर उघडं पडतं: गडवाल बदकाच्या पंखावर पांढरा चौकोन, चक्रांगाच्या हिरवा, थापट्याच्या पंखाचा पुढचा भाग फिका निळा. मिनिटभराची परीक्षा, पण सगळी उत्तरं समोर.

दुर्बिणीचं थोडक्यात: आठ बाय बेचाळीस, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची. दहापटीची हातात थरथरते आणि तिच्यात पक्षी सापडेपर्यंत तो उडालेला असतो. तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण, म्हणजे स्कोप, लोक आनंदाने दाखवतात, विचारायला लाजू नका.

चिखलात मात्र उतरू नका. मी एकदा पाणलावा हा चिखलातला पक्षी नीट दिसावा म्हणून काठावरून फक्त चार पावलं पुढे गेलो. चौथ्याला गुडघ्यापर्यंत आत. पाय निघाला, चप्पल आजही तिथेच आहे. पाणलावा तर पहिल्याच पावलाला नागमोडी उडून गेला होता, आणि त्याच्याबरोबर अर्धा काठ. वर बसलेल्या मंडळींनी त्यानंतर तासभर माझ्याशी बोलणं टाळलं, ते बरोबरच होतं.

राहिला मुलगा. त्याला पक्ष्यांची नावं पाठ करायला लावू नका. जवळच्या पाण्यात टिबुकली, म्हणजे बुडी मारणारा छोटा पक्षी, शोधून द्या, हातात घड्याळ द्या. ती बुडाली की सेकंद मोजायचे आणि कुठे वर येईल तिकडे बोट दाखवून पैज लावायची. मी पंधरा वर्षं लावतोय, अजून बहुतेक वेळा हरतो.