गोळी घेऊन पाळी पुढे ढकलली, आता रक्त आत साचलं असेल का?

गौरी-गणपती झाले की आमच्या क्लिनिकमध्ये हा प्रश्न ठरलेला. यंदा एक नवी सून आली होती, लग्नानंतरची पहिली गौर, तारीख नेमकी पूजनाच्या दिवशीच येत होती म्हणून सासूबाईंनी मेडिकलमधून गोळ्या आणून दिल्या. विसर्जनानंतर गोळ्या बंद केल्या, चौथा दिवस उजाडला तरी पाळी नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, अडवलेलं रक्त गाठ होऊन बसतं, मग मूल राहत नाही. पोरीची झोपच उडाली.

तिला म्हटलं, अगं अडवलेलं रक्त असं काही नसतंच. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच नावाचं हार्मोन सोडते, त्याने अंडाशयात बीज वाढतं, ते वाढताना इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार होतं आणि गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. मग पिट्युटरीचंच दुसरं हार्मोन, एलएच, एकदम वाढतं, साधारण दीड दिवसात बीज बाहेर पडतं, आणि अंडाशयात मागे राहिलेली बीजाची रिकामी पिशवी प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बनवायला लागते. हे प्रोजेस्टेरॉन म्हणजे मांडवाचे बांबू, ते आहेत तोवर अस्तर उभं. गर्भ राहिला नाही तर १४ दिवसांच्या आसपास ती पिशवी सुकते, बांबू निघतात, अस्तर गळतं, तीच पाळी.

तुझी ती नॉरएथिस्टेरॉनची गोळी म्हणजे बाहेरून लावलेले बांबू. बंद केली की बहुतेकींना दोन-तीन दिवसांत पाळी येते, कुणाला थोडं उशिरा. आणि पूर्ण पाळीत रक्त जातं ते साधारण ३०-४० मिली, दोन-तीन मोठे चमचे, साचायला आहेच काय?

एवढं ऐकून ती जरा सैल झाली आणि मग हळूच विचारलं, "ताई, गोळ्या चालू होत्या तेव्हा आम्ही काही वापरलं नव्हतं, चालतं ना?" खरी भीती ही होती, सासूबाई बाहेर बसल्यावरच निघाली. या गोळीने गर्भ राहायचा थांबत नाही, हे मेडिकलवाला कशाला सांगेल! म्हटलं, आठवडाभरात पाळी आली नाही तर युरिन टेस्ट कर.

सहाव्या दिवशी मेसेज आला, पाळी आली. खाली लगेच दुसरा, "नवरात्रात परत घेऊ का?" मी लिहिलं, आधी डॉक्टरांना भेट, बीपी बघून घे, घरात कुणाला पायात रक्ताची गुठळी झाली होती का ते आईला विचार, आणि अर्धशिशीचा त्रास असेल तर तेही सांग.