मुक्त व्यापार कराराविरुद्ध वेगवेगळ्या देशांतील कामगार संघटना खरोखर एकत्र लढू शकतात का?

एका देशातला कारखाना बंद पडून दुसऱ्या देशात उघडला, तर दोन्हीकडच्या कामगारांचे हित परस्परविरोधीच ठरते, मग त्यांच्या संघटना एकत्र कशा येणार, असे आपण विचारले आहे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी अनेक वर्षे युनियनचे काम केले. वेतनकराराची बोलणी सुरू झाली की ‘हेच काम परदेशात स्वस्तात होते’ असे व्यवस्थापन हमखास सांगे, आणि त्या परदेशी कामगाराच्या हाती खरोखर किती पगार पडतो हे त्यालाच विचारण्याची सोय आमच्याकडे नव्हती. माझ्या मते एकजुटीची सुरुवात या विचारपुशीपासूनच होते.

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातील नाफ्टा हा मुक्त व्यापार करार 1 जानेवारी 1994 रोजी अमलात आला. त्याआधीच, 1992 मध्ये, अमेरिकेतील ‘युई’ ही विद्युत उद्योगातील कामगारांची संघटना आणि मेक्सिकोतील ‘एफएटी’ ही स्वतंत्र संघटना यांनी हातमिळवणी केली होती. मेक्सिकन कामगार आपल्या नोकऱ्या पळवतो ही तक्रार बाजूला ठेवून युईने मेक्सिकोतील संघटनाबांधणीला मदत केली, कारण तिकडची मजुरी वाढल्याखेरीज इकडची टिकणार नव्हती. यश मात्र बेताचेच आले. नाफ्टाला जोडलेल्या कामगारविषयक करारात युनियन करण्याचा हक्क डावलला गेला तरी प्रकरण मंत्र्यांच्या चर्चेपलीकडे जाऊ शकत नव्हते.

याउलट, 34 देशांचा अमेरिकाखंडव्यापी मुक्त व्यापार करार रोखला गेला. ब्राझीलमध्ये संघटनांनी आणि चर्चशी संबंधित गटांनी 2002 मध्ये घेतलेल्या लोकमतात सुमारे 1 कोटी लोकांनी भाग घेतला, आणि 2005 मध्ये अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथील शिखर परिषदेत तो करार अडला. अर्थात, सरकारे बदलली नसती तर केवळ मोर्चांनी हे साधले नसते.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते मेक्सिकोतील सिलाओचे उदाहरण. 2019 मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सचे कामगार संपावर असताना सिलाओ येथील याच कंपनीच्या कारखान्यातील काही कामगारांनी त्यांच्या पाठिंब्यासाठी जादा काम नाकारले आणि त्यापायी नोकऱ्या गमावल्या. पुढे नाफ्टाच्या जागी आलेल्या करारातील तातडीच्या तक्रार-यंत्रणेचा वापर झाला, तेथील जुना वेतनकरार कामगारांनी 2021 मध्ये मतदानाने फेटाळला आणि 2022 मध्ये स्वतंत्र युनियन निवडून आणली. तिच्या पहिल्या करारात 8.5 टक्के पगारवाढ मिळाली.

आपल्याकडे प्रश्न अधिक अवघड आहे. 1990च्या दशकात व्यापार करारांत कामगार हक्कांची अट घालण्यास भारतीय केंद्रीय संघटनांनीही विरोध केला, कारण श्रीमंत देश ती भारताचा माल अडवण्यासाठी वापरतील अशी त्यांना रास्त भीती वाटत होती. ती भीती मी आजही खोटी मानत नाही. पण संघटनास्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटी यांविषयीचे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे 87 व 98 क्रमांकांचे ठराव भारताने मंजूर केलेले नाहीत. मार्च 2024 मध्ये स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइन यांच्याशी झालेल्या करारात कामगारविषयक तरतुदी आहेत, परंतु त्या मोडल्या तर लवादाकडे जाता येत नाही. म्हणून त्या देशांतील संघटनांशी बोलताना आपण केवळ ‘करार नको’ म्हणू नये. त्यांचे युनियन हक्क आणि आपले युनियन हक्क एकाच मागणीपत्रात लिहावेत, आणि ज्यांच्या कंपनीचे कारखाने दोन्हीकडे आहेत त्यांनी आधी एकमेकांच्या पगारपावत्या समोर ठेवाव्यात.