मालिकावाले प्रेक्षकांना बांधून ठेवायला कोणत्या युक्त्या वापरतात? घरातल्यांचं हे वेड कसं सोडवावं?

प्रश्नातला 'वेड' हा शब्द वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. आमच्या पुण्याच्या भावजींनी हाच शब्द माझ्या सासूबाईंबद्दल वापरला होता. तोही त्यांच्या तोंडावर, दिवाळीच्या फराळाला बसल्यावर.

युक्त्या तुम्हालाही ठाऊक असणार. ब्रेकच्या आधी दार उघडतं, दारात कोण ते दिसत नाही. मग तीनदा झूम, ढगांचा गडगडाट आणि घरातल्या नऊ माणसांचे नऊ चेहरे. 'उद्याच्या भागात' म्हणून थोबाडीत मारलेली दाखवायची आणि उद्या ते स्वप्न निघायचं. आठवड्याच्या शेवटी मोठा धक्का, रविवारी महाएपिसोड. गुरुवारी टीआरपी येतो, त्यात घसरण दिसली की कुणाचा तरी अपघात होतो, नाहीतर एखादं पात्र अमेरिकेला जातं. सगळ्यात पक्की युक्ती मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. एक मालिका संपली की मधे जाहिरात न लावता लगेच दुसरी सुरू करतात. रिमोट शोधेपर्यंत तुम्ही तिच्यात शिरलेले असता.

आम्ही बेळगावात वडगावला राहतो. घरात कापड विणायचे माग आहेत, त्यांची खटखट रात्री उशिरापर्यंत. सासूबाई संध्याकाळी सुताच्या कांड्या भरायला बसतात आणि समोर टीव्ही लावतात. डोळे सुतावर, कान टीव्हीवर. धागा तुटला की मान खाली, गडगडाट झाला की मान वर. भावजी हसतात ना, की एकच वाक्य तीनदा बोलतात, एका चेहऱ्यावर दहा सेकंद घालवतात? ते मागाच्या आवाजात, भाकरी थापताना, पोराला ओरडताना गोष्ट चुकू नये म्हणून असतं. या प्रकाराचा जन्मच मुळी अमेरिकेत रेडिओवर झाला, १९३०च्या दशकात. दुपारी घरकाम करत ऐकणाऱ्या बायकांसाठी, साबणवाल्यांच्या पैशावर. म्हणून तर सोप ऑपेरा नाव पडलं. सोफ्यावर हाताची घडी घालून बघणाऱ्या इंजिनिअरसाठी ते कधी बनवलंच नव्हतं.

तर त्या दिवाळीत भावजींनी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. अर्ध्या तासात जाहिराती किती, 'मागील भागात' किती, नुसते चेहरे किती. शेवटी जाहीर केलं, "आई, नवीन गोष्ट फक्त सात मिनिटं झाली." वर मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निकबाईंचा १९२७चा प्रयोग ऐकवला, की अर्धवट राहिलेलं काम माणसाच्या डोक्यात जास्त राहतं. म्हणजे तुला उद्यापर्यंत लटकवून ठेवतात, असा अर्थ. (पुढे तो प्रयोग इतरांनी करून बघितला तेव्हा दर वेळी तसंच काही निघालं नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा माहीत असतं तर तिथेच सांगितलं असतं.)

सासूबाई म्हणाल्या, "मोजून झालं काय? मग त्या कांड्या इकडं दे."

आता लटकवून ठेवण्याचं बघा. झी मराठीवर 'तुला पाहते रे' होती, २०१८-१९ मध्ये. सासूबाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. ती संपली आणि त्याच वर्षी झी कन्नडवर तीच गोष्ट 'जोते जोतेयली' नावाने सुरू झाली. आमच्या शेजारच्या अक्का कन्नड, त्या ती बघायला लागल्या. आणि राजनंदिनीचं काय प्रकरण आहे, पुनर्जन्म कुणाचा, हे सासूबाईंना आधीच पाठ! अक्का रोज रात्री कुंपणापाशी येऊन विचारायच्या, "मुंद एन आगतैत्री?" म्हणजे पुढं काय होतंय हो? आणि सासूबाई मोडक्या कन्नडात सगळं सांगून टाकायच्या. पुढचं कळलं म्हणून अक्कांनी बघायचं सोडलं का? छे. उलट दुसऱ्या दिवशी तपासायला यायच्या, की तुम्ही सांगितलं तसं झालं नाही. मराठीत वर्षभरात आटोपलेली गोष्ट कन्नडात २०२३पर्यंत चालली, त्यामुळे भांडायला विषय भरपूर. सासूबाईंचं कन्नड सुधारलं ते त्याच काळात. यात लटकलं कोण, मला सांगा. मालिका हे कुंपणापाशी जायला निमित्त होतं.

आता भावजींचं. ३० नोव्हेंबर २०२२. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाच्या दाव्याची सुप्रीम कोर्टात सुनावणी होणार म्हणून सगळीकडे चर्चा होती. भावजी लग्नाला आले होते, ते सकाळपासून बातम्यांसमोर. खाली पट्टी फिरतेय, 'थोड्याच वेळात'. चार चौकटींत चार माणसं भांडतायत, ब्रेक, परत 'थोड्याच वेळात'. जेवणाचं ताट तिथेच नेऊन दिलं. हळदीला गेले नाहीत. संध्याकाळी कळलं, सुनावणी झालीच नाही.

सासूबाईंनी एवढंच विचारलं, "बाळू, आज किती मिनिटं झाली रे नवीन गोष्ट?"

सीमाप्रश्न म्हणजे मालिका असं मी म्हणत नाही. दावा २००४चा, दुखणं १९५६चं, आमच्या घराने त्यात खूप सोसलंय. पण 'थोड्याच वेळात' ही पट्टी आणि दारात न दिसणारा माणूस यांत मला तरी काही फरक दिसत नाही. फरक इतकाच, की एकाला वेड म्हणतात आणि दुसऱ्याला जागरूकता.

सोडवायचं कसं, म्हणाल तर आधी शेजारी बसून एक भाग बघा आणि कोण कुणाची कोण ते विचारा. महिनाभर तुमच्याशी जेवढं बोलल्या नसतील तेवढं त्या अर्ध्या तासात बोलतील. टीव्ही बंद करायचा तर त्या वेळेला घरात दुसरं कोण बोलणारं आहे ते आधी बघा. केबल तोडायचा सल्ला लांब राहणारेच देतात.

हां, एक कबूल करते. मालिकेपायी बीपीची गोळी दोनदा राहिली होती. आता ती पहिल्या ब्रेकला देते, तेवढा वेळ पुरतो. आणि पोरांना त्या वेळेला अभ्यासाला आतल्या खोलीत पाठवते, यात भावजींचं बरोबर होतं.

भावजी हल्ली फोन त्याच ब्रेकमध्ये करतात. जाहिराती संपल्या की सासूबाई फोन माझ्या हातात देतात.