आधी पाऊस काढून टाक

मित्रा,

तुमच्या मेटल बँडच्या गाण्यांचं मिक्स (सगळी वाद्यं एकत्र जुळवलेलं रेकॉर्डिंग) ऐकलं. आधी हेडफोनवर, मग घरच्या स्पीकरवर. तिसरं गाणं जमलंय. बाकीच्यांबद्दल स्पष्ट लिहितो, रागावू नकोस.

सुरुवातीचा पाऊस आणि ‘पुढील स्टेशन दादर’ काढून टाक. बँड मुंबईचा आहे हे सांगायला अनाउन्समेंट कशाला? हल्ली अ‍ॅटमॉस्फिअर म्हणजे रिफच्या (गिटारवर परत परत येणाऱ्या तुकड्याच्या) मागे चिकटवलेले आवाज, असं झालंय. न्यूरोसिस या अमेरिकन मेटल बँडने १९९९ मध्ये ‘टाइम्स ऑफ ग्रेस’ हा अल्बम काढला, तेव्हा ट्राइब्स ऑफ न्यूरोट या नावाने ‘ग्रेस’ हा ध्वनींचा रेकॉर्ड वेगळा केला. दोन्ही एकाच वेळी लावायचे, अशी ती योजना. पण मूळ रेकॉर्ड एकटा लावला तरी कुठे लंगडत नाही. तुझा पाऊस म्यूट कर आणि रिफ तशी टिकते का बघ.

आता गिटारी. तुम्ही ट्यूनिंग ‘ए’ सुरापर्यंत उतरवलंत, म्हणजे जाड तार ५५ हर्ट्झला आणि बेस गिटार त्याखाली साडेसत्तावीसला. एवढं खालचं बहुतेक स्पीकरमधून येतच नाही. बेस ऐकू येतो तो वरच्या हार्मोनिक्समुळे, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या उंच सुरांमुळे. नेमक्या त्याच जागेवर तू चार गिटारींचे थर चढवलेस, सगळ्यांवर गेन (आवाज फाटवणारा अ‍ॅम्पचा नॉब) फुल्ल. बेसवाला बिचारा जीव तोडून वाजवतोय आणि त्याचा पत्ताच नाही. दोनच गिटारी ठेव, एक डावीकडे, एक उजवीकडे. गेन निम्मा कर, थोडं डिस्टॉर्शन बेसला दे.

ताराही बदल. बारीक सेट इतका उतरवला की तार लोंबते. पिक जोरात मारला की सूर आधी वर चढतो, मग खाली येऊन बसतो. चौथ्या गाण्यात प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर हेच होतंय. ब्लॅक सॅबथचा गिटारिस्ट टोनी आयोमी बारीक तारा लावायचा, हे सांगू नकोस. त्याच्या बोटांची टोकं कारखान्यातल्या मशीनमध्ये गेली होती. तुझी दहाही शाबूत आहेत.

ड्रमरला म्हणावं, फिल (ठेक्याच्या मधले भरणीचे तुकडे) कमी. लय संथ झाली की रिकामी जागा खायला उठते आणि तो भरत सुटतो. विलंबित एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन मिनिटभर चालू शकतं. तबलजी ठेका धरून बसतो, समेची वाट सगळे मिळून बघतात. त्याला ख्यालाची एखादी जुनी मैफल ऐकव. आणि आपल्या मुंबईच्याच डर्ज बँडचा ‘आह पूच’ हा अल्बमही (२०१८).

शब्द मराठीत ठेवायचे का, ते तुमचं तुम्ही ठरवा. ओरडल्यावर पहिल्या फेरीत तसेही कुणाला कळत नाहीत.

एकेकाने घरी बसून आपापला भाग रेकॉर्ड करणं बंद करा. जॅमरूम (सरावाची खोली) तासावर मिळते, भाडं परवडत नाही, कबूल. तरी वर्गणी काढून एक अख्खी दुपार घ्या. पहिला तास फक्त अ‍ॅम्पचा आवाज जुळवण्यात गेला तरी चालेल. मग चौथं गाणं सगळ्यांनी एकत्र वाजवा, एक माइक लांबच्या कोपऱ्यात ठेवून. ‘टाइम्स ऑफ ग्रेस’ रेकॉर्ड करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीचाही खोलीच्या आवाजावर भर असायचा. शांत भागात एसी बंद ठेवा, घामाच्या धारा लागल्या तरी. त्याची घरघर माइक हमखास पकडतो.

मास्टरिंगवर (मिक्सवरच्या शेवटच्या हातावर) इतक्यात पैसे घालू नकोस. आधी ते चौथं गाणं पाठव. वेव्ह फाइल हवी, व्हॉट्सअ‍ॅपवरची एमपीथ्री नको.